आपलें रान, आपला नेम आणि शेजारी

राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडी हें एक लहानसें गांव आहे. तेथील स्वप्निल कुसाळे यानें ता. १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिक सामन्यांत पन्नास मीटर रायफलीच्या नेमबाजींत कांस्यपदक मिळविलें. त्यापूर्वीं कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्यूनिक येथें जागतिक अजिंक्यपद, व राही सरनोबत यांनीं २०१८ च्या आशियाई सामन्यांत सुवर्णपदक मिळविलें होतें. ज्या जिल्ह्यांत पूर्वीं बंदूक म्हटली कीं दाजीपूरच्या रानांतील शिकार आठवावी, त्या जिल्ह्यांत आतां खेड्यांतील मुलें कागदावरील काळ्या ठिपक्यावर नेम धरूं लागलीं आहेत, ही गोष्ट मला तर आनंदाची वाटते. रोखलेला श्वास व एका बिंदूवर ठेविलेलें मन यांचा अभ्यास तरुणांस हितकारकच आहे.

परंतु ह्याच आनंदांतून एक प्रश्न उत्पन्न झाला आहे. एका मंडळींतील शेतकरी बंधूनें मला विचारिलें, "पाळकसाहेब, रान माझें, मुलगा माझा, परवान्याचेंही मीं पाहिलें आहे. माझ्या मळ्यांत फळी उभी करून त्यानें सराव केला, तर त्यांत दुसऱ्या कोणास विचारावयाचें काय आहे? आणि उद्यां चुकून कांहीं झालेंच, तर तो अपघात. त्याचें पाप आम्हांस कसें लागेल?"

कायद्याविषयीं थोडक्यांत सांगतों. लहान छऱ्याची हवाबंदूक ठराविक जोराच्या आंत असली तर तीस परवाना लागत नाहीं. काडतुसाच्या रायफलीस १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें लागतो, आणि तो मिळाला म्हणजे वाटेल तेथें गोळी झाडण्याची मोकळीक मिळाली असें होत नाहीं. पण बंधूचा प्रश्न कायद्याचा नव्हता.

त्याच्या म्हणण्यास शास्त्रांत मुळींच आधार नाहीं, असेंही नाहीं. अनुवादाच्या १९ व्या अध्यायांत रानांत लांकूड तोडणाऱ्या एका मनुष्याविषयीं सांगितलें आहे. कुऱ्हाडीचें पातें दांड्यांतून निसटून त्याच्या शेजाऱ्यास लागतें व तो मरतो. मनांत वैर नव्हतें, म्हणून अशा मनुष्यासाठीं देवानें आश्रयाचें नगर नेमून दिलें. पण तेंच पुस्तक तीन अध्याय पुढें वाचावें. नवें घर बांधणाऱ्यानें धाब्यास कठडा करावा, न केल्यास व कोणी पडून मेल्यास रक्ताचा दोष त्या घरावर येतो, असें तेथें आहे (अनुवाद २२:८). ह्या घरधन्यानें तर कोणास ढकलिलें नाहीं, आणि वैरही केलें नाहीं. मग एकास आश्रय आणि दुसऱ्यास दोष, हें कसें?

निर्गमाचा २१ वा अध्याय ह्याचा उलगडा करितो. बैल मारका आहे हें ठाऊक असून धन्यानें तो बांधून ठेविला नाहीं, तर धनी अपराधी ठरतो. पातें निसटेल हें तोडणाऱ्यास ठाऊक नव्हतें. उघड्या धाब्यावरून माणूस पडतो हें सर्वांस ठाऊक असतें. बंदूक ही मारक्या बैलाच्या जातीची आहे. तिचा स्वभाव ती घेतांनाच ठाऊक असतो. पॉइंट टू-टू रायफलीची करंगळीच्या पेऱ्याहून लहान गोळी मैलाहून अधिक दूर जाऊं शकते, आणि आपल्याकडे एका बांधापासून दुसरा बांध किती दूर असतो हें मीं सांगावयास नको. सातबारा बांधापाशीं संपतो, गोळी संपत नाहीं.

"मुलाचा नेम चांगला आहे," हें बंधूचें दुसरें उत्तर होतें. असेल, पण कठडा नेम चुकेल त्या वेळेसाठीं असतो. फळीच्या मागें मऊ मातीचा उंच व जाड भराव हवा. त्यांत दगड असूं नयेत, कारण दगडावरून शिसें उसळून भलतीकडे जातें. उंसाचा फड मागें असणें हें तर सर्वांत फसवें. तो भिंतीसारखा दिसतो, पण गोळीस अडवीत नाहीं, आणि आंत वैरणीस गेलेली बाई बाहेरून दिसत नाहीं. पायवाट, ओढा, विहीर मागें नसावी. सरावाचे तास ठरलेले असून त्या वेळीं बांधावर लाल फडकें लावावें. पडलेलें शिसें वेंचून घ्यावें, कारण तें विष आहे. गाडीस जुंपलेले बैल आवाजानें बुजतात, हेंही शेतकऱ्यानें विसरूं नये.

इतकें ऐकून बंधूनें चारी बांधांच्या शेतकऱ्यांस विचारिलें व सर्वांनीं होकार दिला. मला मात्र तेथेंच अडखळल्यासारखें झालें. त्या चौघांपैकीं एक विधवा बाई ह्याच बंधूच्या पंपाचें पाणी घेते. पाणी ज्याच्या हातीं, त्यास ती "नको" कशी म्हणेल? शिवाय गळिताच्या हंगामांत बीडकडील तोडकऱ्यांची टोळी मळ्याच्या कडेला पाचटाच्या खोपी घालून महिनेच्या महिने राहते. त्यांचीं लेंकरें दिवसभर फडांत हिंडतात. त्यांस कोणी विचारिलेंच नाहीं, कारण त्यांचा बांध नाहीं. शेजारी कोण, हा प्रश्न प्रभूस विचारणाऱ्या शास्त्र्याला उत्तरांत सातबारा मिळाला नव्हता. वाटेवर पडलेला एक परका मनुष्य मिळाला होता. ज्याच्या अंगास इजा झाली नाहीं, पण जो आवाज ऐकून रोज पोराला हांक मारीत धांवतो, त्याचेंही आपण कांहीं घेतलेंच आहे, असें मला वाटतें.

बंधूस हें प्रथम रुचलें नाहीं. मग त्यानें फळी ओढ्याकडून काढून जुन्या मुरमाच्या खाणींत नेण्याचें ठरविलें आहे, आणि तोडणी संपेपर्यंत एकही गोळी झाडावयाची नाहीं असें कबूल केलें आहे. विधवा बाईकडे मात्र तो स्वतः पुनः गेला नाहीं. पाणी कोणत्याही उत्तरावर बंद होणार नाहीं हें आधीं सांगून, मग विचारण्यास त्यानें आपल्या आईस पाठविलें. बाई म्हणाली, विचार करून सांगतें. तोंवर मुलगा शनिवारीं एस. टी. नें कोल्हापुरास दुधाळीच्या नेमबाजीच्या मैदानावर जातो.