झाकणाआडचं काम

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

कसब शिकवता येतं. सचोटी शिकवता येते का? घड्याळदुरुस्तीच्या टेबलाशी पस्तीस वर्षं बसलो, पण हा प्रश्न सुटत नव्हता. त्याचं उत्तर मला अवधूतांच्या चोवीस गुरूंपैकी एका कारागिरापाशी मिळालं. दत्तजयंतीच्या निमित्ताने ते वाचकांपुढे ठेवतो.

कसबाचं शिक्षण सरळ असतं. नव्या मुलाच्या हाती आधी गजराचं मोठं घड्याळ द्यायचं, मनगटी घड्याळ नंतर. चिमट्यात स्क्रू धरताना जोर जास्त झाला की तो उडतो, कमी झाला की निसटतो. तो अंदाज बोटांना यायला वेळ लागतो. मग सांगायचं, खोलण्याआधी मेन स्प्रिंगचा ताण हळूच उतरव, नाहीतर चक्रं भसकन फिरून दाते मोडतील. एचएमटीच्या 'जनता'सारख्या चावीच्या घड्याळात बॅलन्सचे तासाला १८,००० ठोके पडतात, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. तो बॅलन्स ज्या टोकांवर झुलतो, ती जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीची. तिथे तेल सुईच्या अग्रावर मावेल एवढंच द्यायचं. जास्त दिलं तर ते ओघळून जातं आणि टोक कोरडंच राहतं. हे सगळं दाखवता येतं, हात धरून गिरवून घेता येतं.

खरी परीक्षा पुढेच असते. पुरी सर्व्हिसिंग म्हणजे भाग न् भाग सुटा करून पेट्रोलमध्ये धुवायचा, खड्यांची भोकं काडीने साफ करायची, सगळं जोडून नव्याने तेल द्यायचं. त्यात तास मोडतात. उलट, जुन्या तेलावर नवा थेंब सोडला तर मंदावलेलं घड्याळ पुष्कळदा पाच मिनिटांत चालू होतं. जुनी घाण त्या तेलात कालवून टोकं झिजवत राहते, पण ते कळायला बरेच महिने लागतात. झाकण लावलं की दोन्ही कामं बाहेरून सारखीच दिसतात. पैसेही सारखेच मागता येतात.

माझ्याकडे शिकणाऱ्या मुलाने एकदा विचारलं, "काका, गिऱ्हाइकाला कुठं कळणार आहे?"

"पाप लागेल" म्हणावं, तर भीती गेली की सचोटीही जाईल. "नाव खराब होईल" म्हणावं, तर तो हिशेब झाला. पुन्हा न येणाऱ्या वाटसरूला फसवायला मोकळीकच. आणि मुलगा बघतोय म्हणून मी नीट काम केलं, तर तो देखावा झाला.

भागवताच्या अकराव्या स्कंधात, ज्यावर नाथांनी एकनाथी भागवत रचलं, अवधूत यदुराजाला आपले गुरू सांगतात. त्यात बाण करणारा एक कारागीर आहे. बाण घडवण्यात तो इतका गढला होता की शेजारून राजाची स्वारी गेली तरी त्याला कळलं नाही. ही कथा एकाग्रतेची म्हणून सांगतात, ते खरंच आहे. मला तीत आणखी एक गोष्ट दिसते. आपल्याकडून कुणी काही शिकतंय, याचाही त्याला पत्ता नव्हता. त्याने अवधूतांना एक शब्दही शिकवला नाही. बाण नीट व्हायला हवा, म्हणून तो नीट करत होता. पाहणाऱ्याने जे घ्यायचं ते घेतलं.

तेव्हा मला वाटतं, सचोटी शिकवता येत नाही, पण शिकता येते. शिकवणाऱ्याच्या हाती एवढंच, की शिष्याला शेजारी बसवावं आणि त्याच्यापासून काही झाकू नये. एखाद्या गिऱ्हाइकाची ऐपत नसते. तेव्हा "नुसतं तेल दिलंय, फार दिवस टिकणार नाही," असं सांगून तेवढेच पैसे घ्यावेत. त्यात लबाडी नाही. शेजारी बसलेला तेही ऐकत असतो.

त्या मुलाला मी इतकंच म्हणालो, "आपल्याला कळतंय ना? घे, ताण उतरव." तो या धंद्यात राहील असं नाही, आता बरंचसं काम सेल बदलण्याचंच उरलंय. उद्या तो मोबाइल दुरुस्त करेल. पण झाकण तिथेही आहेच.

आपणा सर्वांच्या झाकणाआडच्या कामावर श्रीदत्तगुरूंची कृपादृष्टी राहो, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥