पेन्सिलीची रेघ

रत्नागिरीत एका म्हाताऱ्याचं घर होतं. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, वर मंगलोरी कौलं. मुलं मुंबईला राहिली, म्हणून त्याने घर विकायला काढलं. गावाकडे परतू पाहणाऱ्या एका चाकरमान्याला ते आवडलं. वीस लाखांवर बोलणी झाली, विसारही दिला गेला. दस्ताआधी चाकरमान्याने एका सुताराला बोलावलं.

सुतार माळ्यावर चढला आणि हातोडीच्या दांड्याने एकेक लाकूड ठोकत गेला. ठण्ण, ठण्ण. तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरलं होतं तिथे आवाज बदलला. भद्द. वरून ताजा ऑइलपेंट होता. सुताराने पटाशी टोचली, ती सरळ आत गेली आणि वाळवीची माती भसाभस खाली आली. वरची कौलं फुटली होती. कित्येक पावसाळे पाणी तिथेच मुरत होतं.

चाकरमानी सुताराला अंगणात घेऊन गेला. "मिस्त्री, मोठा आकडा सांगा. सहा-सात लाख तरी उतरवून घेऊ."

म्हाताऱ्याने सुताराला पडवीत गाठलं. "जुनं घर म्हटलं की थोडंफार असायचंच. तू काही बोलू नकोस."

घर विकणाऱ्याने छुपा दोष सांगावा, असं १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही आहे. पण कायदा काही माळ्यावर चढून बघत नाही.

सुताराने दोघांनाही शिडीवर बोलावलं. तो पटाशीने टोचत टोचत पुढे सरकला. भुसा, भुसा, भुसा. मग पटाशी अडली. तिथे त्याने कानावरची पेन्सिल काढून रेघ मारली.

"कीड इथपर्यंत. अलीकडे कापलं तर वाळवी राहील, पलीकडे कापलं तर चांगला साग फुकट जाईल. टोक कापून नवा सांधा द्यायचा, चार वासे बदलायचे, कौलं नवी, गवंड्याची मजुरी. सगळं धरून एक लाख ऐंशी हजार. अंगणातही हाच आकडा आणि पडवीतही हाच."

चाकरमान्याने पुन्हा एकदा ती रेघ पाहिली. "तेवढेच कमी करा, काका. बाकी ठरलं तसं."

म्हातारा थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग माजघरात जाऊन त्याने भिंतीला टेकवलेली लोखंडी ट्रंक ओढायला घेतली. चाकरमान्याने हात लावला. ट्रंकेमागे दाराच्या चौकटीचा पाय कुजलेला होता.

"मिस्त्री, इथेही रेघ मार."

सुताराने रेघ मारली. आणखी नऊ हजार.

"हे तर आमच्या नजरेतूनच सुटलं होतं," चाकरमानी म्हणाला. "मग आता का दाखवलंत?"

"तुम्ही किडीचेच पैसे कापलेत, म्हणून. घराचे कापले असतेत, तर ट्रंक जागची हलली नसती."