पेढे कुणाच्या घरी न्यायचे?

निवडणुकीचा जाहीरनामा उघडला की रोजगार एका पानावर सापडतो आणि भ्रष्टाचारमुक्त कारभार दुसऱ्या. मधल्या पानांवर शेती, रस्ते, महिला, ज्येष्ठ नागरिक. 2024च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने 25 लाख रोजगारांचं आश्वासन दिलं, तर महाविकास आघाडीने बेरोजगार तरुणांना महिन्याला चार हजारांपर्यंत भत्ता देऊ म्हटलं. आपण आकडे ताडून पाहिले, वाद घातले, मत दिलं. माझं म्हणणं असं, की ही दोन पानं मुळात एकच आहेत. नोकरी कोणत्या वाटेने मिळते, यावरच कारभार किती स्वच्छ राहणार हे ठरतं.

कायद्याने या प्रश्नाचा एक तुकडा सोडवलाय. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 123 नुसार उमेदवाराने मताच्या बदल्यात मतदाराला काही देऊ करणं ही लाच. पण पक्षाने जाहीरनाम्यात सगळ्यांना मिळून काही देऊ केलं तर ती लाच ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली तमिळनाडूतल्या एका प्रकरणात सांगितलं. म्हणजे मला एकट्याला नोकरी देऊ केली तर गुन्हा, लाखोंना देऊ केली तर धोरण. कायद्याला कुठेतरी रेघ मारावी लागते, ते समजू शकतं. पण नैतिक रेघ किती जणांना देऊ केलं यावरून ठरत नसावी. मिळालेल्या गोष्टीबद्दल आपण कुणाचे मिंधे होतो का, यावरून ती ठरत असावी.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. इथे कारखाने आहेत, एमआयडीसी आहे, ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, जीन्स शिवणारे गाळे आहेत. तरी सकाळच्या लोकलला लटकून लोक मुंबईकडेच निघतात. इथल्या इथे कायमची नोकरी ही दुर्मीळ चीज, आणि दुर्मीळ चीज म्हटली की वाटणारा आलाच. कंत्राटावर का होईना, कुठे चिकटायचं असेल तर पहिला प्रश्न असतो, ‘कुणाची ओळख आहे का?’ शिक्षण किती, अनुभव किती, हे नंतर.

म्हणून मला एक साधी कसोटी सुचते. नोकरी लागल्यावर पेढे कुणाच्या घरी न्यावे लागतात? आईवडील, शिक्षक, शेजारी यांच्याकडे आपण आनंदाने नेतो. पण एखाद्या घरी न्यावेच लागत असतील, नाही नेले तर ‘विसरला’ असं म्हटलं जाणार असेल, तर ती नोकरी मिळालेली नाही, उसनी घेतलेली आहे. तिचे हप्ते पुढे फेडावे लागतात. कधी मत देऊन, कधी सभेला माणसं नेऊन, कधी एखादी फाइल बघूनही न बघता. शेवटचा हप्ता सर्वांत महाग, कारण तो आपल्या खिशातून जात नाही.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. ज्याच्या घरात कुणी शिकलेलं नाही, ज्याला इंग्रजी येत नाही, त्याला नगरसेवकाच्या चिठ्ठीशिवाय आहेच काय? माझ्या क्षेत्रात तर वशिल्याला ‘रेफरल’ हे गोंडस नाव आहे. आधीपासून कंपनीत असलेला मित्र पोर्टलवर आपलं नाव टाकतो, मुलाखत होते, नोकरी लागली की त्याला बक्षिसाची रक्कमही मिळते. त्याला कुणी भ्रष्टाचार म्हणत नाही. मग अंबरनाथच्या आयटीआय झालेल्या पोराने भाऊंची चिठ्ठी घेतली तर नाक का मुरडायचं?

त्या पोराकडे बघून नाक मुरडू नयेच. दुसरं दार नसलेल्या माणसाने उघडं दार वापरलं, यात त्याचा दोष नाही. दोष दाराशी बसलेल्याचा आहे. कंपनी पैसे स्वतःचे मोजते, चुकीचा माणूस घेतला तर तोटाही तिचाच. लोकप्रतिनिधीच्या हातात मात्र जे असतं ते त्याचं नसतंच. दुसऱ्याच्या ताटातलं वाढून यजमान म्हणून मिरवणं, हा त्यातला खरा अपराध. आणि गंमत अशी, की दुसरं दार उघडलं तर पहिल्या दाराशी बसण्यात अर्थ उरत नाही. त्यामुळे टंचाई संपवण्यात त्याला फारसा रस नसतो.

‘पण हेतू चांगला होता’ ही पळवाट महाराष्ट्राने एकदा मोठ्या प्रमाणावर तपासून पाहिली आहे. मुख्यमंत्री अंतुले यांच्या प्रतिष्ठानाला बांधकाम व्यावसायिकांनी देणग्या दिल्या, त्या काळात सिमेंटवर सरकारचं नियंत्रण होतं. प्रतिष्ठानाचा हेतू साहित्यिक-कलावंतांना मदत करण्याचा सांगितला जात होता. जानेवारी 1982 मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंटवाटप यांचा संबंध मान्य केला आणि अंतुलेंना पद सोडावं लागलं. सिमेंटच्या जागी नोकरी ठेवून बघा, गणित तेच येतं. टंचाई, ती वाटण्याचा अधिकार आणि परतफेडीची अपेक्षा.

आजची टंचाई किती, ते 2023च्या तलाठी भरतीने दाखवलं. साडेचार हजारांच्या आसपास जागा आणि दहा लाखांहून जास्त अर्ज. त्याआधी 2021 मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेच्या गैरव्यवहारात परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली होती. आणि जे सरळ मार्गाने परीक्षा पास होतात, त्यांची नियुक्तिपत्रंही आता अनेकदा पोस्टाने येत नाहीत, मंचावर नेत्यांच्या हस्ते वाटली जातात. अभ्यास पोराचा, जागा जनतेची, पण फोटोत देणारा कुणी तिसराच. हक्काला भेटीचं रूप द्यायचं ते असं.

याच महाराष्ट्राने याच्या नेमकं उलट काहीतरी करून दाखवलं होतं, म्हणून वाईट वाटतं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली, 1972च्या दुष्काळात वाढली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 1979 पासून तो लागू झाला. ग्रामीण भागात अंगमेहनतीचं काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर भत्ता द्यायचा. खोटी हजेरीपटं तिथेही निघाली. पण काम मागणाऱ्या बाईला तत्त्वतः कुणाचं नाव सांगावं लागत नव्हतं, ‘मला काम पाहिजे’ एवढंच पुरेसं होतं. देशाने 2005 साली तिच्यावरूनच कायदा केला. या योजनेसाठी शहरी पगारदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. माझ्या पगारपत्रकावर दर महिन्याला कापले जाणारे दोनशे रुपये (फेब्रुवारीत तीनशे) त्या कल्पनेची खूण आहेत. पण हा हक्क नगरपालिकेच्या हद्दीशी येऊन थांबतो. बदलापूरबाहेरच्या गावातली बाई काम मागू शकते, बदलापुरात भाड्याने राहणारी तिची बहीण फक्त विनंती करू शकते.

हक्काचीही भेट कशी होते, हे बघायला लांब जायला नको. बारवी धरण एमआयडीसीचं. त्याच्या पाण्यावर कारखाने आणि शहरं चालतात. उंची वाढवताना गावं बुडाली, तेव्हा बाधित कुटुंबांना नोकऱ्या देण्याचं ठरलं आणि पाणी घेणाऱ्या संस्थांनी त्या द्याव्यात, असंही ठरलं. ही नोकरी कुणाची कृपा नाही. बुडालेल्या घराची ती किंमत आहे, म्हणजे आपल्यावरचं देणं. देणेकऱ्याने देणं फेडताना हार घालून घ्यायचे नसतात.

आता दुसऱ्या पानाकडे वळू. लोकायुक्ताचा कायदा महाराष्ट्राने 1971 सालीच केला, पण लोकायुक्त मुख्यत्वे शिफारस करू शकत होते. मुख्यमंत्र्यांनाही कक्षेत आणणारं विधेयक विधानसभेने डिसेंबर 2022 मध्ये आणि विधान परिषदेने डिसेंबर 2023 मध्ये मंजूर केलं. त्यात अट अशी, की मुख्यमंत्र्यांच्या चौकशीला विधानसभेच्या दोन तृतीयांश सदस्यांची मान्यता लागेल. म्हणजे ज्यांच्या बळावर ते खुर्चीत बसले, त्यांनीच हात वर करायचे. इथेही प्रश्न मिंधेपणाचाच.

संविधान सभेत 25 नोव्हेंबर 1949 रोजी बाबासाहेबांनी बजावलं होतं, की थोर माणसांबद्दल कृतज्ञता जरूर असावी, पण तिला मर्यादा हवी, स्वाभिमान गहाण टाकून ती व्यक्त करायची नसते. ते मोठ्या नेत्यांच्या भक्तीबद्दल बोलत होते. आपल्याकडे तो सौदा वॉर्डाच्या पातळीवर रोज होतो आणि त्यात माणूस उपाशी असतो, एवढाच फरक.

म्हणून पुढच्या वेळी दारात उमेदवार आला की ‘किती नोकऱ्या देणार?’ याच्या आधी आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. त्या मिळवायला तुमच्याकडे यावं लागेल का? आणि नाही मिळाल्या तर दाद कुठे मागायची? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचं उत्तर एखाद्या खिडकीचा नंबर असं देणारा उमेदवार कदाचित पडेलही. पण त्याने देऊ केलेल्या नोकरीचे पेढे मात्र आपण आपल्या मर्जीने, हव्या त्या घरी नेऊ.