प्लग साफ केला, पण फिल्टर?

आजचं वाचन : गीता, अध्याय 2, श्लोक 62 ते 64.

कार्बोरेटरवाली 100 सीसीची जुनी बाईक सिग्नलला सारखी बंद पडते. प्लग काढला तर टोकावर कोरडी काजळी. पॉलिश पेपरने घासला, गाडी सुरू. चार दिवसांनी पुन्हा तेच! चांगला मेकॅनिक मग मागे मागे जातो. ठिणगी कमजोर का? काजळीमुळे. काजळी का? पेट्रोल जास्त, हवा कमी. हवा कमी का? एअर फिल्टर धुळीने गच्च भरलाय.

भगवंत अर्जुनाला अशीच साखळी दाखवतात. विषयांचं चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून इच्छा, इच्छेतून क्रोध. मग संमोह होतो, स्मृती ढळते, बुद्धी जाते आणि माणसाचा नाश होतो.

आपण मात्र क्रोधापाशीच थांबतो. आईवर ओरडायचं, रात्री सॉरी म्हणायचं. प्लग साफ! ते हवंच. पण दिवसभर मोबाईलवर दुसऱ्याचं प्रमोशन, दुसऱ्याचा फ्लॅट मनात घोळत असेल, तर काजळी पुन्हा धरणारच. आणि दर वेळी ते सॉरी ऐकताना आई थोडी अजून गप्प होते.

म्हणून जग सोडायचं का? नाही. 64व्या श्लोकात भगवंत सांगतात, विषयांत वावरा, पण आवड-नावडीच्या ताब्यात न जाता. इंजिनला हवा लागतेच, फक्त गाळलेली.

आज राग आला तर एकच विचारा : सकाळपासून मनात काय घोळतंय? फिल्टर तिथेच आहे.

जय श्रीकृष्ण!