आपल्या आधी गोळी कोणी घेतली?

डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी आपण पाण्याबरोबर घेतो आणि विसरून जातो. परंतु नवे औषध आपल्यापर्यंत येण्यापूर्वी ते बहुतेक वेळा काही धडधाकट माणसांनी घेतलेले असते. स्वस्त जेनेरिक गोळी मूळ औषधाइतकीच रक्तात उतरते की नाही, हेही अशाच माणसांचे रक्त पुन्हा पुन्हा तपासून ठरवतात. रुग्णाला निदान बरे होण्याची आशा असते. या निरोगी स्वयंसेवकांना आरोग्याचा काहीच लाभ नसतो. धोका मात्र असू शकतो. मार्च २००६ मध्ये लंडन येथे अशाच एका चाचणीत सहा निरोगी पुरुष औषध टोचल्यानंतर काही तासांतच गंभीर आजारी पडले. सुदैवाने सर्वांचे प्राण वाचले.

मग ही माणसे पुढे का येतात?

परळची हाफकिन संस्था आपल्याला ठाऊक आहे. वॉल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील काही कैद्यांनीही होकार दिला. पण हे दोन होकार सारखेच होते काय? शास्त्रज्ञाला धोका समजत होता आणि नाही म्हणण्याची मोकळीक होती. कैद्याला ती कितपत होती?

आज तुरुंगाच्या जागी कर्ज असते, बेकारी असते, मुलांची फी थकलेली असते. वेळेचा आणि त्रासाचा मोबदला देण्यात अन्याय नाही. परंतु घरात पैसाच नसेल, तर कागदावरची सही खरोखर स्वेच्छेची राहते का? गरजेपोटी माणूस आधीची चाचणी लपवून लगेच दुसरीकडे जातो. त्यात त्याचा जीव धोक्यात येतो आणि चाचणीचा निष्कर्षही चुकू शकतो. म्हणजे आपलेही औषध बिघडते.

आपल्या देशाच्या २०१९ च्या नियमांनुसार नैतिकता समितीची मंजुरी लागते. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई मिळते. सहभागी व्यक्ती कधीही चाचणी सोडू शकते. हे हक्क चांगले आहेत. पण ते ठाऊक नसतील तर काय उपयोग?

म्हणून आपल्यापैकी कोणी अशा चाचणीला निघाला, तर त्याला नावे ठेवू नये आणि एकटेही सोडू नये. त्याच्याबरोबर बसून संमतिपत्र वाचावे. ‘पैशांची गरज नसती तर गेला असतास का?’ असे त्याला प्रेमाने विचारावे. उत्तर ‘नाही’ असेल, तर त्याची अडचण भागवण्याचा दुसरा मार्ग शोधणे हे आपले काम आहे. औषधाचा लाभ आपण सर्वजण घेतो. धोका मात्र नेहमी गरिबानेच पत्करावा, हे न्यायाचे नाही.