शेवटचे दोन महिने भाडं द्यायचं की नाही?

पुण्यात भाड्याची खोली सोडायची वेळ आली की मित्रमंडळींकडून एक सल्ला हमखास मिळतो : “शेवटचे दोन महिने भाडं देऊच नकोस. डिपॉझिट तसंही परत येत नाही.” सल्ला व्यवहारी आहे. पण तो योग्य आहे का?

आधी त्याची बाजू समजून घेऊ. डिपॉझिट म्हणजे तारण. मोडतोड झाली, वीजबिल थकलं, तर भरपाईसाठी ठेवलेले पैसे. ते मालकाकडे असतात, पण मालकाचे नसतात. अडचण अशी की ज्याच्या ताब्यात पैसे, तोच हिशेब करणार. रंगकामाचे किती, साफसफाईचे किती, हे तोच ठरवतो. पहिल्याच नोकरीतल्या मुलीचे ४० हजार अडकले, तर त्यासाठी वकील गाठणं आणि कोर्टाच्या तारखांना रजा टाकणं तिला परवडत नाही. हे मालकालाही ठाऊक असतं. अशा वेळी तिनं भाडं थांबवलं, तर तिला लबाड म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तरीही हा सल्ला सरसकट मला पटत नाही. समोरच्यानं अजून काही केलेलं नसताना आपण त्याला शिक्षा देऊन मोकळे होतो. एका खोलीच्या भाड्यावर औषधपाणी भागवणारे आजी-आजोबाही मालकच असतात. शिवाय, एकदा हात पोळलेला मालक पुढच्या वेळी दोनाऐवजी तीन महिन्यांचं डिपॉझिट मागतो. आपण परस्पर केलेल्या वसुलीचा भार आपल्यामागून त्या खोलीत येणाऱ्यावर पडतो, आणि तोही आपल्यासारखाच कुठून तरी बॅग घेऊन आलेला असतो.

मग करायचं काय? नोटीस देतानाच विचारायचं, “शेवटचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करू या का?” मालक हो म्हणाला, तर रक्कम तीच राहते, पण त्यात फसवणूक उरत नाही. नाही म्हणाला, तर भाडं द्यायचं आणि डिपॉझिट ठामपणे मागायचं. आणि “डिपॉझिट विसरा” असं तो आधीच म्हणाला असेल, तर लेखी कळवून भाडं थांबवणं मला चूक वाटत नाही. नुसता संशय आणि उघड नकार यांत फरक केलाच पाहिजे.

ठामपणे मागायचं बळ मात्र पहिल्या दिवशीच कमवावं लागतं. पैसे रोख न देता बँकेतून द्यावेत. परतीची मुदत आणि कशाकशाचे पैसे कापले जातील, हे करारात लिहून घ्यावं. सामान लावण्याआधी भिंती, नळ, पंखे यांचे फोटो मालकाला पाठवून ठेवावेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे.

इथे आपण कचरतो. काकू चांगल्या आहेत, त्यांना काय वाटेल! पण डिपॉझिट मागताना काकूंनी आपल्यावर संशयच घेतला होता, आणि आपल्याला त्यात काही गैर वाटलं नव्हतं. मग आपण पावती मागितली तर तो अपमान कसा?

इंग्लंडमध्ये २००७ पासून खासगी मालकानं घेतलेलं डिपॉझिट सहसा सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवावं लागतं. वाद झाला तर त्या योजनेमार्फत तिऱ्हाईताकडून निवाडा करून घेता येतो. तिकडचे मालक जास्त प्रामाणिक आहेत, असं म्हणायचं कारण नाही. तिथे हिशेबावर शेवटचा शब्द एकट्या मालकाचा राहत नाही, एवढंच. आपल्याकडे केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची कमाल मर्यादा सुचवली आहे, पण राज्यानं स्वीकारल्याशिवाय ती लागू होत नाही. आणि लागू झाली तरी पैसे राहणार मालकाकडेच.

तोवर हा तिऱ्हाईत म्हणजे आपल्या फोनमधले ते फोटो आणि तो करार. ते हाताशी असतील, तर शेवटच्या महिन्याचं भाडं देताना छातीत धडधड होणार नाही.