काकाच्या मनात

नारायणराव पेशव्यांच्या खुनाची गोष्ट आपण लहानपणीच ऐकतो, आणि ऐकतो ती एका अक्षराची. नारायणरावाला पकडण्याच्या हुकुमाच्या कागदावर ‘धरावे’ होते, काकू आनंदीबाईंनी त्याचे ‘मारावे’ केले. ग्रँट डफने 1826 साली छापलेल्या इतिहासातही हा समज नोंदवलेला आहे. त्या अक्षराचा निकाल आज कोणी लावू शकेल असे मला वाटत नाही. मला कुतूहल आहे ते कागद देणाऱ्या माणसाचे.

तो म्हणजे नारायणरावाचा काका, आनंदीबाईंचा नवरा रघुनाथराव. तो जात्या खुनी नव्हता. चोविसाव्या वर्षी, 1758 साली, त्याच्या मोहिमेत मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या. तीनच वर्षांनी पानिपत झाले, त्या धक्क्याने थोरले भाऊ नानासाहेब पेशवे गेले आणि गादीवर बसला सोळा वर्षांचा पुतण्या माधवराव. कर्तबगार काकाला हे बोचले असणार. 1762 साली आळेगावला त्याने निजामाच्या मदतीने पुतण्याचा पराभव केला, आणि माधवराव आपण होऊन काकाच्या स्वाधीन झाला. पुतण्या त्या दिवसांत पुरता हातात होता. काकाने त्याच्या जिवाला हात लावला नाही. हा प्रसंग खुनाच्या चर्चेत सहसा येत नाही. माझ्या मते तिथूनच सुरुवात करायला हवी. 1762 साली जे मनात आले नाही, किंवा येऊनही मागे सारले गेले, ते अकरा वर्षांनी कसे घडले?

मधे धोडपची लढाई आहे. तोवर सत्ता पुन्हा पुतण्याच्या हाती गेली होती. 1768 साली माधवरावाने त्याला तिथे हरवले आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. वाडा कोणाचा, तर रघुनाथरावाच्याच वडिलांनी, बाजीरावांनी, बांधलेला. परक्या शत्रूच्या कैदेत माणसाचा मान शाबूत राहू शकतो. घरच्यांच्या कैदेत तो रोज थोडाथोडा झिजतो, कारण पहारा बसवणाऱ्याला आपण लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेले असते. माधवरावाचा धाक तरी होता, कर्तृत्वही होते. नोव्हेंबर 1772 मध्ये थेऊरला तो गेला आणि अधिकार आला त्याच्या सतरा वर्षांच्या, तापट धाकट्या भावाकडे, नारायणरावाकडे. काही महिन्यांतच काकावरचा पहारा पुन्हा कडक झाला. अशा मनाला एक हिशेब फार लवकर पटतो: माझ्यावर अन्याय झाला आहे, तेव्हा मी जे करीन ती केवळ परतफेड. महत्त्वाकांक्षेपेक्षा हा हिशेब मला जास्त भयंकर वाटतो. महत्त्वाकांक्षी माणूस निदान स्वतःशी ते कबूल करतो.

बाहेर पगार थकलेले गारदी, म्हणजे भाडोत्री शिपाई, होतेच. 30 ऑगस्ट 1773 रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, ते वाड्यात घुसले. नारायणराव धावत काकाकडे गेला आणि त्याला मिठी मारली. ‘काका, मला वाचवा’ ही हाक लोकांनी तिथलीच जपली आहे. ग्रँट डफच्या वृत्तान्तानुसार रघुनाथरावाने मध्ये पडण्याचा प्रयत्न केला. गारद्यांपैकी सुमेरसिंगाने बजावले, सोडा, नाहीतर तुम्हीही मराल. काकाने मिठी सोडवली आणि तो गच्चीवर निघून गेला.

हे खरे मानले तर त्या क्षणी काकाचा जीवही धोक्यात होता, आणि भीती ही काही गुन्हा नव्हे. म्हणून मी त्या क्षणावरून त्याला दोषी धरणार नाही. मी पुढच्या दिवसांकडे पाहतो. ज्याने ‘धरा’ म्हणून सांगितले आणि ज्याचा हुकूम कोणी बदलला, तो माणूस पहिल्यांदा काय करील? कोणी बदलला ते शोधील. हुकुमाबाहेर तलवार चालवणाऱ्यांना पकडील, निदान त्यांच्यावर आग पाखडील. रघुनाथरावाने गारद्यांशी देवघेवीची बोलणी केली आणि साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे मागवली. फसवल्या गेलेल्या माणसाचे हे वागणे नाही. नको म्हणता म्हणता हवे असलेले पदरात पडलेल्या माणसाचे आहे.

माझा तर्क असा, की पुतण्या मरावा हे वाक्य त्याने स्वतःशीसुद्धा पुरते उच्चारले नसावे. पगारासाठी पेटलेल्या सशस्त्र लोकांच्या हाती माणूस द्यायचा आणि वर म्हणायचे, फक्त धरा. पुढचे त्यांच्यावर सोडले की आपले हात आपल्याला स्वच्छ दिसतात. न्यायाधीश रामशास्त्र्यांपुढे त्याने धरण्याचा हुकूम दिल्याचे मान्य केले, असे सांगतात. ती कबुली त्याला बहुधा खरीच वाटत असेल, आणि त्याच्या मनाची सगळी गुंतागुंत मला तिथेच दिसते.

या माणसाला अक्षराच्या कथेने दीडदोनशे वर्षे आसरा दिला, याचा मला राग येतो. आनंदीबाई महत्त्वाकांक्षी नव्हत्या असे मी म्हणत नाही. त्या निर्दोष होत्या याचाही पुरावा माझ्यापाशी नाही. पण घरातल्या पुरुषाची अर्धवट इच्छा बायकोच्या लेखणीवर ढकलून मोकळे होणे आपल्याला फार सोपे गेले. 1775 च्या जानेवारीत धारला त्यांना मुलगा झाला, तोच पुढचा दुसरा बाजीराव. 1783 साली रघुनाथराव कोपरगावला वारला. त्यानंतरची आनंदीबाईंची वर्षे पुणे दरबाराच्या नजरेखाली गेली. खुनाच्या चौकशीला बसलेल्या रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले होते ते मात्र रघुनाथरावाला, आणि त्या वेळी तो पेशवा होता.